सदतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी

(1999 च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर 2024 मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ग्रुपवर जेव्हा ठरलं की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल थोडं बोलायचं, तेव्हा मी गप्प बसले होते. शाळेत असताना मी एकदाच या व्यासपीठावर आले होते, टिळक पुण्यतिथीच्या भाषणाला, आणि तिसऱ्या वाक्याला विसरून रडत खाली उतरले होते. बाईंना आठवत असेल. आज कागद हातात घेऊन आले आहे, त्यामुळे काळजी नको.

मी इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे. म्हणजे अगदी अलीकडे झाले. या ऑक्टोबरमध्ये माझं नाव तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिलच्या नोंदवहीत चढलं. तेव्हा कामाचा अनुभव म्हणाल तर दोन महिन्यांचा, पण विद्यार्थिनी असण्याचा अनुभव चार वर्षांचा. म्हणून मी त्याच चार वर्षांबद्दल बोलणार आहे.

आधी दोन शब्दांचा गोंधळ दूर करते, कारण त्या शब्दांवरून आपल्या ग्रुपवर बरीच गंमत झाली आहे. 2021 साली मी लिहिलं होतं, "सध्या प्लेसमेंट चालू आहे, उत्तर द्यायला वेळ लागेल." त्यावर आपल्या इंजिनिअर मंडळींनी अभिनंदन केलं आणि पॅकेज किती ते विचारलं. पॅकेज शून्य. आपल्याकडे प्लेसमेंट म्हणजे नोकरी लागणे. आमच्या कोर्समध्ये प्लेसमेंट म्हणजे शिकण्यासाठी दवाखान्यात, वॉर्डात, घरोघरी ड्युटी करणे, आणि तीही बिनपगारी.

दुसरा शब्द बँक. कोर्सचा खर्च भागवायला मी दवाखान्यात 'बँक'वर काम करत होते. तिथे सरकारी दवाखान्यांना ऐनवेळी माणसं कमी पडली की ज्यांना बोलावतात त्यांच्या यादीला बँक म्हणतात. ज्याला जमेल त्याने ती पाळी घ्यायची, त्या पाळीचे पैसे मिळतात. मी हेल्थकेअर असिस्टंट होते. पेशंटची अंघोळ, चादरी बदलणं, बीपी-ताप बघणं, जेवण भरवणं, बेडपॅन, सगळं. आई मात्र इथे सगळ्यांना सांगायची, "आमची बँकेत आहे." बी.कॉम. झालेली मुलगी, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आईने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. मी फोनवर "बँकेची नाइट आहे" म्हणायचे, तिने त्यातले सोयीचे शब्द उचलले.

पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती. मिडवाइफ म्हणजे काय असं तिने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "अगं, सुईण." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं शिकून सुईणपण?" आपल्या गावांत सुईणीला बाळंतपणाला मानाने बोलावत आणि एरवी ओट्याच्या खाली बसवत, हे आपल्या पिढीनेही थोडंफार पाहिलं आहे. आईच्या डोळ्यांपुढे तेच होतं. तिला वाईट वाटलं यात तिचा दोष नाही.

तिथे या कामाला कायद्याचा आधार फार जुना आहे. मिडवाइफांच्या नोंदणीचा कायदा इंग्लंडमध्ये 1902 साली झाला. गरोदरपण सरळ चाललं असेल तर त्या बाईची तपासणी, बाळंतपण आणि नंतरची देखभाल मिडवाइफच करते. काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना बोलावणं ही तिचीच जबाबदारी. म्हणजे सगळं ठीक आहे की नाही, हे आधी तिला कळावं लागतं. माझ्या पुढच्या गोष्टीत या वाक्याला महत्त्व आहे.

आता कोर्स. लग्नानंतर 2008 मध्ये मी तिकडे गेले. आधी सुपरमार्केटमध्ये काउंटरवर होते, मग 2017 पासून दवाखान्यात असिस्टंट. बाळंतिणींच्या वॉर्डात पाळ्या मिळायला लागल्या आणि मला वाटलं, हे आपण शिकावं. प्रवेशासाठी त्यांची दहावीच्या पातळीची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा लागत होती. ती मी 2019 च्या उन्हाळ्यात दिली. म्हणजे मी दहावी दोनदा पास झालेली आहे, एकदा तुमच्याबरोबर आणि एकदा सोळा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून. मग वर्षभराचा तयारीचा कोर्स, आणि सप्टेंबर 2020 मध्ये विद्यापीठात प्रवेश. वय सदतीस. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा.

हा कोर्स तीन वर्षांचा. एकूण किमान 4,600 तास भरावे लागतात, निम्मे अभ्यासाचे आणि निम्मे प्रत्यक्ष कामाचे. चाळीस बाळंतपणं आपल्या हातून व्हावी लागतात. त्याशिवाय गरोदर बायकांच्या शंभर तपासण्या, शंभर बाळंतिणी आणि शंभर नवजात बाळं तपासायची. प्रत्येक नोंदीवर शिकवणाऱ्या मिडवाइफची सही. दवाखान्यातली पाळी सकाळी साडेसातला सुरू होते आणि रात्री आठला संपते. मधला एक तास सुट्टीचा धरला तर साडेअकरा तास मोजले जातात. रात्रीची पाळीही तेवढीच.

माझ्या वेळी फी वर्षाला 9,250 पौंड होती. त्यासाठी सरकारी कर्ज मिळतं. आधी एक पदवी असली की एरवी हे कर्ज मिळत नाही, पण नर्सिंग आणि मिडवायफरीला त्यातून सूट आहे, म्हणून माझी बी.कॉम. आड आली नाही. शिवाय 2020 पासून वर्षाला 5,000 पौंडांचं अनुदान सुरू झालं होतं, जे परत करावं लागत नाही. हे ऐकायला भरपूर वाटतं. रुपयांत करू नका. तिथलं घरभाडं, गॅस आणि वीज तिथल्या पैशांतच द्यावी लागते.

पहिल्या वर्षी कोविडमुळे बरेचसे वर्ग घरी बसून झाले. पहिल्या निबंधाला मला 36 गुण पडले. पास व्हायला 40 लागतात. मी नापास झाले आणि कारण कळेना, कारण पुस्तकात होतं ते सगळं मी लिहिलं होतं. प्राध्यापिका म्हणाल्या, "हे सगळं बरोबर आहे, पण यात तू कुठे आहेस? तुला काय पटलं, काय नाही, आणि का?" सर, बाई, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण आपल्या वेळेला उत्तरात 'मी' लिहिला असता तर गुण कापले गेले असते. पुन्हा लिहिला तेव्हा 52 मिळाले.

उलट औषधांच्या हिशोबाच्या परीक्षेत मी वर्गात पहिली. आमच्या कोर्सला त्या परीक्षेत शंभरपैकी शंभरच लागतात, एक चुकलं तरी पुन्हा बसावं लागतं. तिथल्या तरुण मुली घाबरून रडायच्या. मला सरांनी तीसपर्यंतचे पाढे उभं करून म्हणायला लावले होते, त्यामुळे मिलिग्रॅम आणि मिलिलिटर माझं काही वाकडं करू शकले नाहीत. सर, तुमच्या छडीबद्दल आज इथे जाहीर माफी दिली आहे.

पहिलं वर्ष असं निभावलं. 2021 च्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि त्याला पुढचं काम मिळेना. मी म्हटलं, मी बँकेच्या पाळ्या वाढवते. तो नको म्हणाला. मी कागद-पेन घेऊन बसले आणि त्याला हिशोब मांडून दाखवला.

आठवड्यात 168 तास असतात. प्लेसमेंटच्या तीन पाळ्या, साडेचौतीस तास. बँकेच्या दोन रात्री, तेवीस तास. झाले साडेसत्तावन्न. पाच वेळा जाण्यायेण्याचे साडेसात तास. झोप रोज सात तास धरली तर एकोणपन्नास. अभ्यास वीस तास. हे सगळं वजा करूनही चौतीस तास उरत होते. चौतीस तास! मी त्याला म्हटलं, "बघ, रोजचे जवळजवळ पाच तास मोकळे आहेत." हिशोबात चूक नव्हती. आजही करून बघा, बरोबर येतो.

आता नोव्हेंबर 2021 चा एक आठवडा सांगते. सोमवार, मंगळवार, बुधवार प्लेसमेंट. गुरुवारी विद्यापीठात वर्ग. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री बँक. रविवारी सकाळी घरी आले, दोन तास झोपले, कारण मुलाच्या मित्राचा वाढदिवस होता आणि नवरा मुलाखतीच्या तयारीत होता. सोमवारी दुपारी निबंध द्यायचा होता, म्हणून रविवारची रात्र त्यात गेली. सोमवारी पहाटे पाचला तो पूर्ण केला आणि साडेसातला बाळंतिणींच्या वॉर्डात हजर झाले.

त्या वॉर्डात एका खोलीत चार बाळंतिणी होत्या. शेजारशेजारच्या दोघींचं आडनाव एकच होतं. सकाळी मी दोन्ही बाळांचं तापमान घेतलं. एकाचं 36.9, दुसऱ्याचं 36.1. नवजात बाळाचं तापमान साडेछत्तीसच्या खाली गेलं की ते गार पडतंय असं समजायचं. त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, टोपी घालायची, पांघरूण घालायचं, थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं, गरज वाटली तर रक्तातली साखर बघायची. हे मला पाठ होतं. झोपेतही सांगितलं असतं.

पण मी 36.1 हा आकडा शेजारच्या बाळाच्या कागदावर लिहिला आणि 36.9 या बाळाच्या कागदावर. प्रत्येक बाळाच्या दोन्ही पायांत नावाच्या पट्ट्या असतात. लिहिण्याआधी पट्टी वाचायची, हा पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम. मी आडनाव वाचलं आणि पुढे गेले.

विद्यार्थिनीच्या प्रत्येक नोंदीवर सही करण्याआधी माझी सुपरवायझर मिडवाइफ स्वतः बघायची. तिने 36.1 वाचलं आणि त्या बाळाला हात लावला. बाळ छान उबदार होतं. तिने कपाळाला आठी घातली, पुन्हा मोजलं. मग काही न बोलता शेजारच्या पाळण्याकडे गेली आणि त्या बाळाच्या छातीवर हात ठेवला. ते गार होतं. तिने त्याला उचलून आईच्या छातीवर ठेवलं, टोपी घातली, वर ब्लँकेट टाकलं. हे सगळं एका मिनिटात झालं. तासाभरात बाळाचं तापमान वर आलं, साखर नीट होती, संध्याकाळी ते दूध नीट प्यायलं. बाळाला काहीही झालं नाही, हे मी आताच सांगून टाकते, कारण तुमच्यातल्या आयांचे चेहरे मला दिसताहेत.

मग तिने मला बाजूला नेलं. मला वाटलं ओरडेल. तिने एकच विचारलं, "तू शेवटची कधी झोपलीस?"

मी म्हणाले, "काल रात्री."

म्हणजे मी खोटं बोलले. शाळेत गृहपाठाची वही घरी विसरले म्हणून सांगायचो ना, तितक्या सहज. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी बोटांवर मोजायला लागले आणि मला मोजता येईना. रविवारचे दोन तास आठवले, शनिवारी दिवसा किती झोपले ते आठवेना. पाढे म्हणणारी मुलगी, मला स्वतःची झोप मोजता येईना. तेव्हा मी रडले आणि खरं काय ते सांगितलं. बँकेच्या रात्रींबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. प्लेसमेंटचं वेळापत्रक एका कागदावर, बँकेचं दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद एकत्र बघणारी फक्त मीच होते. ते कुणाला कळू नये अशी काळजीही मीच घेतली होती. कळलं तर कमी करायला सांगतील, ही भीती.

नियमाप्रमाणे घटनेची नोंद झाली. दोन्ही आयांना काय झालं ते सांगितलं गेलं. मी स्वतः समोर उभी राहून माफी मागितली. एक जण म्हणाली, "बाळ बरं आहे ना, मग झालं." दुसरी काही बोलली नाही, तिने बाळाला थोडं जवळ ओढून घेतलं. मला ते दुसरं उत्तर जास्त लक्षात राहिलं आहे.

मला टॅक्सीने घरी पाठवलं. मी चौदा तास झोपले. उठल्यावर तो हिशोबाचा कागद पुन्हा काढला, कुठे चुकलं ते शोधायला. बेरीज बरोबर होती, वजाबाकी बरोबर होती. तेव्हा सरांनी सातवीत शिकवलेला बेरजेचा क्रमनिरपेक्ष गुणधर्म आठवला. संख्यांचा क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही. सर, संख्यांचं खरं आहे, पण तासांचं तसं नाही. रात्री बारा ते सात झोपलेले सात तास, आणि सकाळी नऊ ते अकरा, दुपारी दोन ते चार, मग संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत डोळे मिटलेले तीन तास, यांची बेरीज सातच येते, पण ते सात नसतात. माझे ते उरलेले चौतीस तास होतेच. पण ते असे पाच-पाच, दहा-दहा मिनिटांचे तुकडे होऊन सगळ्या आठवड्यात सांडलेले होते. बस थांब्यावर, डब्यांच्या झाकणांत, मुलाच्या बुटांच्या लेसमध्ये. त्यांतून एक अख्खी झोप शिवता येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठात बैठक झाली. माझ्या शिक्षिकेने तीन वाटा सांगितल्या. बँकेचं काम पूर्ण बंद करायचं. किंवा अगदी कमी करायचं. किंवा कोर्स काही काळ थांबवायचा आणि मागच्या तुकडीबरोबर पुन्हा सुरू करायचा. घरात माझा एकटीचाच पगार होता, त्यामुळे पहिल्या दोन शक्य नव्हत्या. जानेवारी 2022 मध्ये मी एका वर्षासाठी कोर्स थांबवला. शिक्षण थांबलं की अनुदानही थांबतं. मी त्या वर्षात फक्त असिस्टंट म्हणून काम केलं, दिवसाच्या पाळ्या घेतल्या, रात्री झोपले.

ते वर्ष मला अजिबात आवडलं नाही. माझ्याबरोबरच्या मुली पुढे गेल्या. वॉर्डात त्या विद्यार्थिनीच्या गणवेशात यायच्या आणि मी त्याच वॉर्डात असिस्टंटच्या गणवेशात चादरी बदलायचे. त्या प्रेमाने बोलायच्या, तेच सहन व्हायचं नाही. आईला सांगितलं नाही. आपल्या ग्रुपवरही नाही. तुम्ही विचारायचात, "झाला का कोर्स?" आणि मी अंगठा पाठवायचे. आता कळलं असेल, तो अंगठा कशाचा होता ते.

नवऱ्याला त्या ऑगस्टमध्ये काम मिळालं. जानेवारी 2023 मध्ये मी परत गेले. या वेळी चार गोष्टी ठरवून गेले, आणि त्या मी इथे सांगते कारण तुमच्या घरांत आता कॉलेजात जाणारी मुलं-मुली आहेत.

पहिली, प्लेसमेंट चालू असताना बँक नाही. विद्यापीठाचे आठवडे असतील तेव्हा शनिवारची एक दिवसाची पाळी, आणि रात्र कधीच नाही. पैसे कमी पडले. आम्ही गाडी विकली. गाडीशिवाय दीड वर्ष काढलं आणि कुणी मेलं नाही.

दुसरी, प्रत्येक नवीन वॉर्डात पहिल्या दिवशी सुपरवायझरला सगळं सांगायचं. मला दोन मुलं आहेत, मी शनिवारी काम करते, माझा अमुक निबंध अमुक तारखेला आहे. मला वाटायचं याने आपली किंमत कमी होते. उलट त्यातल्या बहुतेक जणींनी स्वतःच्या शिकण्याच्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या. एकीने माझ्या निबंधाच्या आठवड्यात आपणहून पाळी बदलून दिली.

तिसरी, अभ्यास रोज थोडा, आणि ताजा असताना. पाळी संपली की बसमध्ये वीस मिनिटं, आज काय पाहिलं, काय कळलं नाही, ते वहीत मराठीत लिहायचं. कुणाचं नाव-गाव न लिहिता. निबंध लिहायची वेळ आली की निम्मा मजकूर तयार असायचा, फक्त इंग्रजी करायचं. "यात तू कुठे आहेस" या प्रश्नाचं उत्तर त्या मराठी वहीत असायचं.

चौथी, घर. पोळ्या मी रोज करणं बंद केलं. विकतच्या पोळ्या खाऊन मुलं वाढतात, मी पाहिलं आहे. नवरा वरण-भात आणि तीन भाज्या शिकला. दर बुधवारी दुपारी चारला, म्हणजे हिवाळ्यात इथे रात्री साडेनऊला, सासूबाई व्हिडिओवर मुलांचा तासभर ताबा घ्यायच्या. गोष्टी, पाढे, मराठी वाचन. तो तास माझा. आणि रात्रीची प्लेसमेंट असली की मुलगा माझ्या खोलीच्या दारावर स्वतः लिहिलेला कागद लावायचा, "आई झोपली आहे. आग लागली तरच उठवा."

असं करत उरलेली पावणेदोन वर्षं पूर्ण झाली. चाळीस बाळंतपणांतली सगळी आठवत नाहीत, पण एक सांगते. एका रात्री एक मुलगी आली, महाराष्ट्रातलीच. नाव-गाव सांगणार नाही. इंग्रजी चांगलं बोलत होती, सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत होती. कळा वाढल्या तसं इंग्रजी संपलं आणि "आई गं" सुरू झालं. मी तिच्या पाठीला हात लावून म्हणाले, "आहे गं, मी आहे." तिने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात जो धरला तो बाळ होईपर्यंत सोडला नाही. बाळंतपण दुसऱ्या मिडवाइफने केलं, कारण माझा एक हात अडकलेला होता. त्यामुळे ते माझ्या चाळीसमध्ये मोजलं गेलं नाही. चालेल.

ज्या मिडवाइफने मला तो प्रश्न विचारला होता, तिच्याच वॉर्डात माझी शेवटची प्लेसमेंट लागली. शेवटच्या दिवशी तिने माझ्या कागदांवर सही केली. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी तू ओरडली असतीस तर मी खोटंच बोलत राहिले असते." ती म्हणाली, "मला माहीत होतं. मीही एकदा तसंच खोटं बोलले होते." आता मी तिथेच नोकरीला आहे. माझ्याबरोबर अजून विद्यार्थिनी दिलेली नाही, पण एक ना एक दिवस देतील. तिला पहिल्या दिवशी काय विचारायचं ते माझं ठरलेलं आहे.

आपल्यातली एक जण प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम आहे. काल रात्री आम्ही दोघी बोलत बसलो होतो. तिच्या बाळंतपणांपुढे माझी चाळीस म्हणजे बालवाडी आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे शिकताना नाइट करून सकाळी वर्गात बसायचो, डुलकी लागली की उभं करायचे. का झोप येते, हे कुणी विचारलं नाही." तिच्या मुलीलाही आता नर्सिंगला जायचं आहे.

म्हणून शेवटी एक विनंती करते आणि खाली बसते, जेवणाची वेळ झाली आहे. तुमच्या घरात कुणी नर्सिंगला असेल, मेडिकलला असेल, दिवसा कॉलेज करून रात्री कुरिअरच्या गोदामात काम करणारा भाचा असेल. त्यांचा फोन आला की आपण विचारतो, "जेवलास का? अभ्यास कसा चाललाय? मार्क किती पडले?" त्यात एक प्रश्न वाढवा. "काल किती झोपलीस?" आणि उत्तर फार पटकन आलं तर पुन्हा एकदा विचारा.

आणि हो, आईचं राहिलं. परवा मी घरी पोहोचले तेव्हा शेजारच्या काकू आल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, "बँक सोडली तिने. आता सुईण आहे, सरकारी नोंद झालेली. चार वर्षं लागली तिला." तीन नाही, चार. ते थांबलेलं वर्ष तिला कधी आणि कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.